टॅली, एक्सेल आणि सतत प्रवास: इंदूरात बिझनेस लॅपटॉप घेताना काय आधी बघायचं, काय नंतर

सीएच्या ऑफिसात असलेले, कंपनीच्या अकाउंट्समध्ये असलेले, स्वतःची प्रॅक्टिस करणारे, राजेंद्र नगरपासून सुदामा नगरपर्यंतचे आपले लोक लॅपटॉप घेताना बहुतेक एकाच क्रमाने जातात. आधी बजेट, मग प्रोसेसर, मग कुठे ऑफर आहे ते. घरी आणल्यावर कळतं की डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन लावायला पोर्टच नाही, किंवा रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे, किंवा वॉरंटी अशी आहे की मशीन स्वतः उचलून सर्व्हिस सेंटरला न्यायचं आणि ते परत देतील तोपर्यंत थांबायचं. खाली दिलेला क्रम तुम्हाला उलटा वाटेल, पण तो मुद्दाम तसा ठेवलाय: जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरवायचं. प्रोसेसर किती ताकदीचा, हा प्रश्न पाचव्या टप्प्यावर येतो, तोपर्यंत तो काढायचाच नाही.

तयारी: दुकानात जायच्या आधी

एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा.

पहिली, रोज काय चालतं. टॅलीप्राइम, एक्सेल, इन्कम टॅक्सच्या ऑफलाइन युटिलिटी, जीएसटीचं ऑफलाइन टूल, टीडीएसचं आरपीयू, बँकेचं काही खास सॉफ्टवेअर, सगळं. दुसरी, काय काय लावावं लागतं: टोकन, पेन ड्राइव्ह, प्रोजेक्टर, क्लायंटच्या ऑफिसातली लॅनची वायर, प्रिंटर. तिसरी, कुठे बसून काम करता. पीथमपूरच्या फॅक्टरीत दिवसभर, देवासला महिन्यातून काही दिवस, अवंतिकाने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत मीटिंग, जे काय असेल ते खरंखरं लिहा. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी लिहीत नाही: हे मशीन २० तारखेच्या आदल्या दिवशी बंद पडलं तर जीएसटीचं ३बी रिटर्न कशावरून भरणार?

बजेटही इथेच ठरवा, पण पूर्ण रक्कम लॅपटॉपवर टाकू नका. वाढीव वॉरंटी, दुसरा चार्जर आणि बॅकअपची बाहेरची डिस्क, या तिघांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात लॅपटॉप बघा. पैसे संपल्यावर वॉरंटी कोणीच घेत नाही, हे नेहमीचं आहे.

चेक: वेळ. नवीन मशीनवर जायला मे-जून बरा. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या धबडग्यात मशीन बदलू नका, एखादी युटिलिटी चालली नाही तर ती शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो. दुसरं म्हणजे खरेदीच्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या मशीनवर घसारा अर्धाच मिळतो, म्हणजे ४० टक्क्यांच्या जागी २०. दोन्ही बाजूंनी बघितलं तर ऑक्टोबरच्या आधीच उरकलेलं चांगलं.

टप्पा १: सॉफ्टवेअर आणि टोकन कशावर चालतं

टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. मॅकबुक अतिशय चांगलं मशीन आहे, बॅटरी भरपूर चालते, पण त्यावर टॅली सरळ इन्स्टॉल होत नाही आणि मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठा डेटा जोडून तपासायचं साधन) नाही. क्लाउडवर टॅली चालवत असाल तर गोष्ट वेगळी, तरी इन्कम टॅक्सच्या मॅक्रोवाल्या एक्सेल युटिलिटी आणि टोकनचे ड्रायव्हर यांचं काय करणार ते आधी ठरवा.

आता एक नवीन अडचण आलीये. विंडोजचे काही लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर येतात, त्यांना एआरएम म्हणतात. वजनाला हलके, बॅटरी छान, दुकानदार कौतुक करून दाखवतो. त्यांच्यावर साधी जुनी सॉफ्टवेअरं एम्युलेशनने, म्हणजे इंटेलची नक्कल करून, चालून जातात, पण हार्डवेअरचे ड्रायव्हर एम्युलेशनने चालत नाहीत, त्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तुमच्या टोकनचा, जुन्या प्रिंटरचा असा ड्रायव्हर कंपनीने काढलेला नसेल तर सही होणार नाही, प्रिंट निघणार नाही. फायनान्सच्या कामाला आज तरी इंटेल किंवा एएमडी घ्या.

विंडोज ११ प्रो मागा, होम नको. बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन, नीट हाताळणं, ऑफिसच्या डोमेनला जोडणं, दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर येणं, हे सगळं प्रोमध्येच आहे. आणि लॅपटॉपबरोबर एमएस ऑफिस फ्री म्हणून देतात ते कुठलं आहे ते विचारा, होम अँड स्टुडंटवालं लायसन्स धंद्याच्या कामासाठी नसतं.

सावधान: ऑफिस टाकताना ६४ बिटचं टाका. ३२ बिटच्या एक्सेलला मेमरीची मर्यादा असते, १६ जीबी रॅम असली तरी मोठी पिव्हट फाइल अडकते आणि लोक लॅपटॉपला नावं ठेवतात. फक्त तुमचं एखादं जुनं अ‍ॅड-इन ३२ बिटवरच चालणारं नाही ना, ते आधी बघून घ्या.

टप्पा २: पोर्ट आणि कीबोर्ड

डीएससीचं टोकन जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं, म्हणजे यूएसबी-ए. असे निदान दोन पोर्ट हवेत, कारण टोकन लावलेलं असतानाच पेन ड्राइव्ह नाहीतर माऊसचा रिसीव्हर लागतो. हबने काम होतं असं सांगतात, होतंही, पण स्वस्त हबवर टोकन मध्येच दिसेनासं होण्याच्या तक्रारी खूप, आणि ते नेमकं सही करताना होतं. टोकन थेट मशीनमध्ये लागलं पाहिजे हे धरून चाला.

एचडीएमआय पूर्ण आकाराचा हवा. लॅनचा पोर्ट आता पातळ मशीनमधून गायब झालाय, पण क्लायंटच्या मल्टी-युजर टॅलीवर बसून ऑडिट करत असाल तर वायरीचा फरक कळतो, फॅक्टरीतलं वायफाय शेडच्या पत्र्यात धड पोचत नाही. पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन अ‍ॅडॉप्टर घेऊन बॅगेत कायमचा टाकून ठेवा.

कीबोर्डवर मात्र वेळ घालवा. नंबरपॅड सहसा १५-१६ इंचाच्या मशीनमध्ये येतो, १४ इंचात नसतो. दिवसभर व्हाउचर एंट्री करणाऱ्याने नंबरपॅडशिवाय घेऊ नये. जो मुख्यतः एक्सेल बघतो, रिव्ह्यू करतो आणि खूप फिरतो, त्याने १४ इंचाचं घ्यावं आणि यूएसबीचा वेगळा नंबरपॅड ऑफिसात ठेवावा. दोन्ही हवं म्हणून १६ इंचाचं जाड मशीन घेऊन रोज पाठीवर वागवणारे लोक दोन महिन्यांत ते घरीच ठेवायला लागतात.

दुसरं, टॅलीचा जीव एफ की मध्ये आहे. एफ२ तारीख, एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. बऱ्याच लॅपटॉपवर या की मूळात आवाज आणि ब्राइटनेसच्या असतात, एफएन दाबून ठेवल्याशिवाय चालत नाहीत. एफएन लॉक आहे का बघा, पुष्कळ मशीनवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की लागतो. होम, एंड, पेज अप, पेज डाउन या वेगळ्या की आहेत का तेही बघा, लांब शीटमध्ये त्यांच्याशिवाय हात अडखळतो.

चेक: दुकानात दहा मिनिटं बसून खरंच टाइप करा. एंटर आणि बाणाच्या की किती लहान आहेत ते फोटोत कळत नाही.

टप्पा ३: वजन, स्क्रीन, बॅटरी, चार्जर

प्रवास असेल तर चार्जरसकट वजन विचारा, नुसत्या मशीनचं नको. १४ इंचाचं मशीन दीड किलोच्या आत मिळतं.

स्क्रीन मॅट हवी, आयपीएस हवी, आणि प्रमाण १६:१० मिळालं तर उत्तम, एक्सेलच्या चार ओळी जास्त दिसतात. ब्राइटनेस २५० निट्स म्हणजे खोलीत ठीक, गाडीत किंवा खिडकीपाशी डोळे फुटतात. ३०० कमीत कमी, खूप फिरणाऱ्याला ४००. बिझनेस सिरीजमध्येसुद्धा सगळ्यात स्वस्त व्हेरिएंटला फिकट पॅनल लावतात आणि ते स्पेसिफिकेशनमध्ये अगदी खाली लिहिलेलं असतं, ४५ टक्के एनटीएससी असं दिसलं की समजायचं.

बॅटरी तासांत मोजू नका, वॉट-अवरमध्ये मोजा. कंपनीने सांगितलेले तास मंद ब्राइटनेसवर व्हिडिओ चालवून काढलेले असतात. ५० वॉट-अवरच्या वर असेल तर साध्या कामाला बरं. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी चालते, लॅपटॉप त्याच्या आतच बसतात. पॉवर बँकेचा हिशोब मात्र तुम्हाला करावा लागतो: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर, चालतं. पण ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत टाकली तर इंदूर एअरपोर्टवर बॅग उघडायला बोलावतील. लॅपटॉपला चालणारी पॉवर बँक म्हणजे ६५ वॉटच्या पीडीची (यूएसबी-सी वरून जास्त पॉवर देणारी), मोबाइलवाली नाही.

चार्जिंग यूएसबी-सी वरून होतं की नाही हे नक्की करा. होत असेल तर एक चार्जर ऑफिसात, एक बॅगेत, आणि अगदीच अडलं तर सहकाऱ्याच्या चार्जरवर भागतं. गोल पिनचा खास चार्जर दुसऱ्या गावात विसरलात तर तिथल्या बाजारात हिंडावं लागतं. ट्रेनमधल्या चार्जिंग पॉइंटवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत रात्री ते बंद असतात. स्टेशनला पूर्ण चार्ज करून निघायचं.

सावधान: डब्यावर मिल-एसटीडी ८१० एच लिहिलेलं असतं. ती अमेरिकन सैन्याची टेस्टिंगची पद्धत आहे, टेस्ट कंपनी स्वतः करते किंवा करवून घेते, आणि कुठल्या कुठल्या केल्या तेही कंपनीच ठरवते. तसं लिहिलंय म्हणून पडलेलं मशीन वॉरंटीत बसत नाही.

टप्पा ४: सर्व्हिस

विश्वासू लॅपटॉप म्हणजे कधी न बिघडणारा असं समजू नका, सगळे बिघडतात. बिघडल्यावर किती दिवसांत परत हातात येतो, त्यावर विश्वास ठरतो.

म्हणून सिरीज बघायची. लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड, जे २०२५ पासून डेल प्रो नावाने येतंय, एचपीचं प्रोबुक आणि एलिटबुक, असूसचं एक्स्पर्टबुक, एसरचं ट्रॅव्हलमेट, या धंद्यासाठीच्या सिरीज. त्याच कंपन्यांच्या घरगुती सिरीज दिसायला जास्त छान आणि त्याच किमतीत जास्त मोठा प्रोसेसर देतात, आणि इथेच माणूस भुलतो. बिझनेस सिरीजला तीन वर्षांची ऑन-साइट वॉरंटी घेता येते, म्हणजे इंजिनिअर तुमच्या पत्त्यावर येतो. स्पेअर पार्ट जास्त वर्षं मिळतात, मशीन उघडायला सोपं असतं.

विचारायचे प्रश्न हे, आणि उत्तर लेखी घ्यायचं:

वॉरंटी ऑन-साइट की कॅरी-इन (आपण मशीन सेंटरला न्यायचं)? इंदूरच्या माझ्या पिनकोडवर ऑन-साइट मिळते का? बॅटरीला किती? कारण तीन वर्षांच्या वॉरंटीतही बॅटरी पुष्कळदा एकच वर्ष धरतात. पडलं, पाणी सांडलं तर? ते वेगळ्या अ‍ॅक्सिडेंटल कव्हरमध्ये येतं, मूळ वॉरंटीत नाही. डिस्क बदलली तर जुनी डिस्क माझ्याकडे राहील का? क्लायंटचा डेटा असलेली डिस्क बाहेर जाऊ नये म्हणून ती ठेवून घ्यायचं कव्हर वेगळं मिळतं.

चेक: वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असतानाच घेता येते, नंतर सहसा नाही. बिलाबरोबरच उरकून टाका.

टप्पा ५: आता प्रोसेसर, रॅम, डिस्क

रॅम १६ जीबी, त्याच्या खाली नको. पॉवर क्वेरीत लाखो ओळी ओढत असाल तर ३२. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, तिथपर्यंत जाणाऱ्या माणसाला ३२ चा फायदा दिसतो. रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर, ते विचारा. स्लॉट असेल तर आज १६ घेऊन पुढे वाढवता येते, बोर्डावर असेल तर आज घ्याल तेच कायम. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच असते, वाढत नाही.

डिस्क ५१२ जीबी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी. कमी पडली तर बदलता येते, त्यामुळे इथे फार विचार नको.

सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला गेलात की ऐकू येणारच, भिया ये ले जाओ, आई सेवन है. आय७ आहे म्हणजे कोणत्या पिढीचा? नवा आय५ जुन्या आय७ ला मागे टाकतो. प्रोसेसरच्या नंबरातलं शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे कमी वीज खाणारा, प्रवासाला बरा, एच म्हणजे जोरदार पण गरम आणि बॅटरी खाणारा. टॅली आणि एक्सेलला चालू पिढीचा कमी वीज खाणारा कोअर ५ किंवा कोअर अल्ट्रा ५ (आय५ चं नवं नाव) किंवा तेवढ्याच ताकदीचा रायझन ५ पुरतो.

रायझनमध्ये एक फसवी जागा आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू, नावं जवळपास सारखी, पण त्या मालिकेत तिसरा आकडा खरी पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, जुनं डिझाइन, ४ म्हणजे झेन ४. सातने सुरू होणारा नंबर बघून नवीन समजून २० वाला घेणारे खूप आहेत.

ग्राफिक्स कार्ड नको. एआयसाठीच्या एनपीयूला जास्तीचे पैसे देऊ नका, टॅलीला त्याचा उपयोग नाही.

रिफर्बिश्ड घ्यायचं असेल तर थोडक्यात: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे इंटेल आठव्या पिढीच्या खालचं मशीन कितीही स्वस्त असलं तरी नको, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. आणि दुकानातच विंडोज रीसेट करून नेटला जोडायला लावा. एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे, सोडून द्या.

टप्पा ६: पैसे देण्याआधी

डबा तुमच्यासमोर उघडायचा. डब्यावरचा, मशीनखालचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून, कुठल्या प्रकारची आणि भारताची आहे का ते मोबाइलवर तिथेच बघा. वॉरंटी महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर दुसरा पीस मागा.

मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती स्लॉट वापरलेत ते दिसतं, आणि फॉर्म फॅक्टरसमोर रो ऑफ चिप्स आलं तर रॅम बोर्डावरची आहे. टोकन बरोबर न्या आणि प्रत्येक पोर्टमध्ये लावून मशीनला कळतंय का बघा. यूएसबी-सी चार्जर दोन्ही बाजूंच्या पोर्टला लावून बघा.

टप्पा ७: बिल

इथे अकाउंट्सची माणसंच चुकतात, याचं वाईट वाटतं. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. ७०,००० च्या मशीनवर १२,६००, एकूण ८२,६००. बिलावर फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर असेल आणि ते तुमच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, आलं तर १२,६०० चं क्रेडिट मिळतं. काउंटरवर घाईत स्वतःच्या नावाने बिल केलं तर क्रेडिट गेलं. ऑनलाइन घेताना जीएसटी नंबर ऑर्डर देतानाच भरायचा, नंतर बदलून मिळेल या आशेवर राहू नका. बाहेरच्या राज्यातल्या विक्रेत्याने आयजीएसटी लावला तरी क्रेडिट मिळतंच.

क्रेडिट घेतलं की घसारा ७०,००० वरच, ८२,६०० वर नाही. म्हणजे पहिल्या वर्षी २८,०००, आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर १४,०००. रोख देऊन थोडे पैसे कमी करून कच्च्या पर्चीवर घेतलं तर यातलं काहीच नाही, आणि वॉरंटीला पुरावाही नाही.

टप्पा ८: जुन्यावरून नव्यावर

क्रम मोडू नका.

१. जुन्या मशीनवर टॅलीत ऑल्ट वाय दाबून डेटामधून बॅकअप घ्या, बाहेरच्या डिस्कवर.

२. नव्या मशीनवर आधी विंडोजचे सगळे अपडेट होऊ द्या. मग टॅलीचं तेच किंवा त्याहून नवं रिलीज टाका, जुनं नाही.

३. जुन्यावर एफ१ हेल्प, सेटिंग, लायसन्स असं जाऊन लायसन्स सरेंडर करा, त्याला इंटरनेट लागतं. मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करा. सरेंडर न करता जुना फॉरमॅट करणारे नंतर लायसन्स सोडवत बसतात.

४. नव्यावर डेटा रिस्टोअर करा आणि दोन्ही मशीनवर ट्रायल बॅलन्स उघडून बेरीज जुळवा. प्रत्येक कंपनीची, एखाद्याच कंपनीची बघून सोडू नका.

५. टोकनचा ड्रायव्हर आणि एमसाइनर (पोर्टलवर डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर) टाका. सहीची की टोकनच्या आत असते, त्यामुळे सर्टिफिकेट कॉपी करण्याचा प्रश्न नाही. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका, टोकन लॉक होतं.

६. इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी उघडून बघा. नेटवरून उतरवलेल्या फाइलचे मॅक्रो आता ऑफिस आपणहून अडवतं, फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक करावं लागतं. युटिलिटी बिघडलीये समजून लोक तासभर घालवतात.

७. बिटलॉकर चालू करा आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर छापून ऑफिसच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

सावधान: ती की खरंच लागते. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला की सुरू होताना मशीन ती मागतं, नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही उघडत नाही. काही मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की एन्क्रिप्शन न विचारताच सुरू होतं, म्हणून बिटलॉकर मी लावलंच नाही असं म्हणणाऱ्यानेही एकदा बघावं.

टप्पा ९: पहिला प्रवास जवळचा

नवीन मशीन घेऊन थेट मुंबई-पुण्याच्या ऑडिटला जाऊ नका. आधी उज्जैन, देवास, पीथमपूर असं काहीतरी, जिथून संध्याकाळी घरी येता येतं. चार्जर न लावता किती वेळ चालतं ते खऱ्या कामावर बघा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जीएसटी पोर्टलला लॉगिन करून एक सही करा, क्लायंटच्या प्रोजेक्टरला आणि लॅनला लावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड चालवून बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता जपून ठेवा, वर्षभरात बॅटरी फार उतरली तर वॉरंटीत दाखवायला कागद असतो. मे महिन्यात बंद गाडीत लॅपटॉप सोडून जेवायला जाऊ नका, बॅटरी फुगण्याची ती पक्की वाट आहे.

जुनं मशीन लगेच भाच्याला देऊ नका आणि विकूही नका. ११ तारखेचं जीएसटीचं आर-१ रिटर्न आणि २० तारखेचं ३बी नव्यावरून भरून, त्याच महिन्याचा टीडीएस भरून झाला, की मग बॅकअप पुन्हा एकदा उघडून बघायचा, जुन्यातली डिस्क विंडोजच्या रीसेटमधून पूर्ण साफ करायची, आणि तेव्हाच ते घराबाहेर जाऊ द्यायचं.